अल्बम भरला आणि छंद संपला

माझ्याकडे सल्ल्याला आलेली ठाण्याच्या कोपरीतली एक आई, मुलगा सातवीत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिची तक्रार बऱ्याच घरांत ऐकू येते: "मोबाइल सुटावा म्हणून नाणी जमवायला लावली, पण दोन आठवड्यांत कंटाळला. ह्याचा कुठलाच छंद टिकत नाही."

त्या दोन आठवड्यांत घरात झालं होतं असं. आईने जाडजूड अल्बम आणि परदेशी नाण्यांचं एक मोठं पाकीट आणलं. एका रविवारी दोघांनी बसून सगळी घरं भरून टाकली. मग मुलाने करायचं काय? संग्रह पुढे ढकलते ती रिकामी जागा, आणि इथे तर एकही उरली नव्हती. त्याला चिकाटी नाही असा निष्कर्ष यातून निघत नाही.

म्हणून पहिला सल्ला: परदेशी नाणी खोक्यात ठेवा, आणि सुट्ट्या पैशांतून मिळतील अशीच नाणी घ्या. खर्च दर्शनी किमतीएवढा, आणि हवं तेव्हा ती पुन्हा बाजारात चालतात. सुरुवातीला एकच मालिका, दोन रुपये, २०११ ते २०१८. नाण्यावरच्या सालाखाली टांकसाळीची खूण असते. मुंबईची शंकरपाळ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नाही. आठ वर्षं गुणिले चार टांकसाळी, म्हणजे वहीत ३२ घरं आखायची. प्रत्येक टांकसाळीने दर वर्षी हे नाणं पाडलंच असेल असं नाही, त्यामुळे काही घरं रिकामी राहतील. हे मुलाला आधीच सांगावं, नाहीतर तो हिरमुसतो. खूण बारीक आणि झिजलेली असते, तेव्हा दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतंच.

यूपीआय आल्यापासून या वयाच्या मुलांच्या हातात नाणी जवळजवळ येतच नाहीत. या मुलालाही आधी सालाखालची खूण कधी दिसली नव्हती. मग जांभळी नाक्यावर भाजी घ्यायला तो रोख पैसे घेऊन जाऊ लागला. पंधरा दिवसांनी त्याने स्वतःहून प्रश्न आणला: जुना रुपया आणि २०११ नंतरचे दोन रुपये हातात सारखेच का लागतात? कारण ते खरोखर सारखेच आहेत. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा, नवे दोन रुपयेही तेवढेच. फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन त्याने पुढचं शोधलं: स्टीलचं नाणं चिकटतं, जुनं जड तांबे-निकेलचं पाच रुपयांचं नाणं चिकटत नाही. अशा प्रश्नाला आईने लगेच उत्तर देऊ नये. वजनकाटा हातात द्यावा.

मधे एक नुकसान झालं. आजोबांच्या डब्यातला भोकाचा पैसा, १९४३ ते ४७ दरम्यानचा, मुलाने चिंच लावून लखलखीत केला. गुलाबी झाला. आम्ल नुसता मळ काढत नाही, धातूचा वरचा थरही खातं. काळाने चढलेली ती तपकिरी झाक पुन्हा तशीच्या तशी येत नाही आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत पडते. लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी, सगळ्यांचं तेच. फार तर शुद्ध पाण्यात बुडवून, न घासता टिपून घ्यावं. इथे मुलाला ओरडण्यात अर्थ नव्हता, घरात तांब्याची भांडी तशीच घासतात. नाणं काठाने धरायचं, खाली टॉवेल घडी करून ठेवायचा, एवढं त्याने लगेच उचललं.

अल्बमही बदलावा लागला. मऊ, वास येणारं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात त्यातून चिकट हिरवा थर नाण्यावर उतरतो. पॉलिएस्टरचे कप्पे घ्यावेत आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी.

खरा धोका मात्र वडिलांच्या मोबाइलमधून आला. "वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये" असा व्हिडिओ, खाली नंबर. फोन केला तर आधी नोंदणी शुल्क भरा म्हणाले. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन असे पैसे उकळले जातात, आणि त्याबद्दल बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावधही केलं होतं. विकत घेणारा आपल्याकडेच पैसे मागतो, तिथेच फोन ठेवावा. देवघरातल्या १८१८ सालच्या राम दरबाराच्या 'कंपनी' नाण्याचंही वडिलांनी विचारलं. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ते पूजेचं पदक आहे. देवघरात शोभतं, तिथेच राहू दे.

वडिलांना एवढंच सुचवलं, की मुलासमोर "याचे किती येतील?" हा प्रश्न वर्षभर विचारू नका. किंमत मधे आली की भिंग बाजूला पडतं. त्यापेक्षा एखाद्या दिवशी लोकल पकडून फोर्टला, फिरोजशहा मेहता रस्त्यावरचं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय दाखवा.

शेवटच्या भेटीत आईने पाकिटातून एक नाणं काढलं. दोन रुपये, नोएडाचा ठिपका, वहीतलं एक रिकामं घर. भाजीच्या सुट्ट्यांत तिलाच सापडलं होतं. "देऊ का त्याला?"

नको म्हटलं. तिने ते परत सुट्ट्यांत मिसळलं, आणि संध्याकाळी दुधाचे पैसे मोजायला पाकीट त्याच्या हातात दिलं.