शाळा काढायची म्हणतेस, तर आधी मे महिन्याच्या पगाराचं बोलू

प्रिय बेटा,
सप्रेम सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला, सोबतचा नकाशाही बघितला. तीन मजले, वर घंटेचा मनोरा अन् गेटवर 'सेंट' अमुकतमुक इंग्लिश स्कूल. मनोरा छान काढलाय, पण त्याचं नंतर बघू. नावाचं म्हणशील तर आपल्याकडं कितीतरी शाळा सेंट लावून बसल्यात ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही, कारण कॉन्व्हेंट म्हणलं की पालकाला शिस्त आणि इंग्रजी एवढंच दिसतं. त्या बोर्डावर पहिल्या वर्षी लेकरं येतील, दुसऱ्या वर्षी मात्र मास्तर तोच असला तरच येतील. मला तुला खरं तर एवढंच सांगायचंय, बाकीचं सगळं त्याच्या मागंपुढं आहे.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा 2012 चा कायदा आहे, तुझी शाळा त्यात बसेल, म्हणजे सरकारचं अनुदान आज नाही आणि उद्याही नाही. हे मुलाखतीलाच मास्तरांना तोंडावर सांग. आपल्याकडं 'एक ना एक दिवस ग्रँट येईल' म्हणून डी.एड., बी.एड. झालेली पोरं वर्षानुवर्षं फुकट राबवली, वर नेमणुकीच्या ऑर्डरसाठी त्यांच्याकडूनच डोनेशन घेतलं, अन् मग तोच मास्तर वर्गात कमी आणि शिकवणीला जास्त दिसायला लागला तर नवल काय. तू पगार थोडा दे पण बारा महिन्यांचा दे. मे महिन्याचा पगार कापणारी शाळा जूनमध्ये नवीन मास्तर शोधत हिंडते, दरवर्षी. आणि एकदम दहावीपर्यंतचा बोर्ड लावू नकोस, नर्सरी आणि पहिली घे, मग दरसाल एक वर्ग वर चढव, म्हणजे जेवढे चांगले मास्तर मिळतील तेवढीच शाळा वाढेल. लोक म्हणतील चर्चच्या पाळकसाहेबांची शाळा लईच छोटी आहे, म्हणू दे.

फीचं वेळापत्रक शहरातल्या शाळेचं बघून करू नकोस. जूनमध्ये आपल्या माणसाकडं पैसा नसतो गं, होता नव्हता तो बी-बियाणं आणि खतात गेलेला असतो. सोयाबीन दिवाळीच्या आसपास बाजारात जातं, कापूस त्याच्या पुढं, आणि ऊसतोडीवाल्याच्या हातात रोकड येते ती मुकादमाकडून उचल मिळाल्यावर, साखर कारखाने सुरू व्हायच्या आधी. जूनमध्ये वह्या-पुस्तकांपुरतं घे आणि मोठा हप्ता तेव्हाचा ठेव, अर्धी भांडणं तिथंच मिटतात. ऊसतोडीचं अजून एक, तुझा तालुका बीडचा, दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात, नवराबायको म्हणजे एक कोयता, अन् पोरगं सोबत जातं नाहीतर आजीपाशी राहतं. मनोऱ्याचे पैसे आहेत ना, त्यातून दोन खोल्या आणि स्वयंपाकाची एक बाई ठेव, त्या चारसहा महिन्यांपुरतं वसतिगृह. रीतसर परवानगी काढूनच हां, मुलांच्या राहण्याचे नियम कडक आहेत आणि असायलाच पाहिजेत. जुन्या मिशन शाळांचं नाव गावोगाव झालं ते बोर्डिंगमुळं, इमारती कुणाला आठवतात?

आता धर्माचं. तू मेसेजमध्ये हे एका ओळीत उरकलंस, मी उरकणार नाही.

1839 साली मुंबईत दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला आणि मिशनरी जॉन विल्सनसाहेबांच्या शाळेतली पोरं पालकांनी धडाधड काढून नेली. 1893 ला पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनाचं तेच झालं, तोवर सदन पुण्याला आलेलं होतं, मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात अशी बोंब उठली, रानडे-भांडारकरांसारख्या माणसांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं अन् मुलींना घरचे घेऊन गेले. कोण बरोबर कोण चूक हा वाद बाजूला ठेव, शाळा क्षणात रिकामी होते एवढं बघ. म्हणून जे काय आहे ते उघड ठेव. घटनेच्या कलम 28 मध्ये स्पष्ट आहे की मान्यता असलेल्या शाळेत धर्माच्या शिक्षणाला किंवा उपासनेला पालकाच्या संमतीशिवाय लेकराला बसवता येत नाही. संमती लेखी घे, मराठीत घे, आणि ज्यानं नाही म्हणलं त्याचं पोरगं त्या वेळात लायब्ररीत बसेल याची सोय आधी कर. नाताळचा कार्यक्रम जोरात कर, गावाला आवडतो. संडे स्कूल मात्र चर्चमध्येच राहू दे.

जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्याची मूळ नोंदवही, तू स्वतः भर, क्लार्कवर सोडू नकोस. धर्म-जातीच्या रकान्यात आपल्या मनानं एक अक्षर लिहायचं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा लाभ हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो, ख्रिस्ती लिहिलं की गेला, आणि आपल्या मंडळीतली कितीतरी घरं रविवारी उपासनेला येतात पण कागदावर जुनीच जात आहे. तो निर्णय त्या घराचा. पुढं पोरगी नर्सिंगला लागताना जात पडताळणीत हेच पान काढून बघतात, तेव्हा पालक जे सांगतील आणि जो कागद देतील तेच लिही, खाडाखोड नको.

अल्पसंख्याक दर्जाचं सर्टिफिकेट काढ, कलम 30 चा हक्क आहे तो. पण आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातल्या गरीब मुलांच्या 25 टक्के जागांतून सुटका म्हणून काढणार असशील तर जरा थांब. 2014 च्या निकालानं अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून बाहेर ठेवलं खरं, पण सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्यावर शंका काढून प्रकरण मोठ्या खंडपीठाकडं पाठवायला सांगितलंय. आणि कायदा काही म्हणो, गरीब लेकरं घ्यायची नसतील तर मिशन शाळा कशाला म्हणायची, फॅक्टरी म्हण की. जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा आपल्याकडं कारभार फारसी-उर्दूचा, मराठीतून शिकायची सोय कुठं होती फारशी. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यात जाऊन त्यांनी काम केलं.

मिशनच्या जुन्या जागेवर बांधू म्हणतेस, तर आधी मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं आहे ते बघ. पाळकसाहेबांचा तोंडी शब्द चालणार नाही, ते बदलून गेले की नवीन कमिटी वेगळंच बोलते. भाडेकरार कर, रजिस्टर कर. ट्रस्टमध्ये एकाच घरातली चार नावं दिसली ती पण मला खटकली, दोन कमी कर, त्याऐवजी एक निवृत्त शिक्षिका आणि एक पालक घे. आणि बोअरवर विसंबू नकोस, लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते तुला आठवत असेल, छताचं पाणी टाकीत उतरवायचा खर्च नकाशात कुठंच नाही.

पुढच्या आठवड्यात जागेचे कागद आणि मास्तरांच्या पगाराचा बारा महिन्यांचा हिशेब पाठव, मग फोनवर बोलू. पाळकसाहेबांना सलाम सांग.

तुझा,
हेडसर