शेडमध्ये पंधरा वर्षं पडून असलेली 1973ची स्की-डू एलान (बर्फावर चालणारी स्नोमोबाइल) 400 डॉलरला मिळतेय. घ्यावी का, आणि चालू कशी करावी?

घ्या. पण तुम्ही पुढे जे लिहिलंय ना, "दोरी ओढली की इंजिन मोकळं फिरतंय, प्लगला करंटही येतोय, मग ताजं पेट्रोल टाकून या वीकएंडला तळ्यावर नेऊन बघू का?", ते मात्र अजिबात करू नका. हे सांगायचा अधिकार मी एक पिस्टन घालवून मिळवलाय.

मीही कॅनडातल्या ओंटारियोतच राहतो आणि माझी गाडीही एलानच आहे, तुमच्यापेक्षा दोनेक वर्षं नवी. आणली त्याच संध्याकाळी कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल भरलं, आणि आठव्या की नवव्या ओढीला ती फडफडली. शेडभर निळा धूर आणि जळक्या टू-टी ऑइलचा वास. सांगलीला पावसाळ्यात बाबांची चेतक दहा वेळा तिरकी करून, किका मारून एकदाची सुरू झाली की हाच वास यायचा. त्या वासाने डोकं फिरतं माणसाचं. दुसऱ्या दिवशी उणे अठरात गाडी तळ्यावर नेली. वीस मिनिटं झकास गेली. मग थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा आवाज खाली येईना, उलट चढतच गेला. मला वाटलं, वा, इतक्या वर्षांनी मोकळी झाली! अर्ध्या मिनिटात ती किंचाळली आणि गप्प झाली. दोरी ओढून पाहिली, तसूभर हलेना. तीन किलोमीटर चालत घरी आलो.

झालं काय होतं? टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत, येतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. पन्नास वर्षांत ते बांगडीसारखे कडक होतात, त्यांच्या कडेने बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं. पेट्रोल कमी म्हणजे त्याच्याबरोबर येणारं ऑइलही कमी. वर उणे अठरातली दाट हवा. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. थ्रॉटल सोडूनही आवाज चढणं ही त्याची आधीची हाक असते, ती मला कळली नाही. तुम्हाला कधी ऐकू आली तर विचार करत बसू नका, तत्क्षणी इंजिन बंद करा.

तेव्हा या गाड्यांत लोखंडाची काळजी कमी करा, रबराची जास्त. तुमच्या इंजिनाला करंट येतोय यावरून सीलबद्दल काहीच कळत नाही.

ते तपासायची युक्ती साधी आहे. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडांवर जाड रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी बोल्टने आवळायची. प्लग जागेवर ठेवायचा. क्रँककेसमधून पेट्रोलपंपाकडे जी बारीक नळी जाते, त्या निपलला जुन्या बीपीच्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडायचा. (आईचं यंत्र होतं. डिजिटल घेतल्यावर ते माझ्याकडे आलं. कशासाठी वापरतो ते तिला अजून सांगितलेलं नाही.) 300 मिलिमीटरपर्यंत हवा भरा, म्हणजे सहा पीएसआयच्या जरा खाली. पाच-सहा मिनिटं काटा जवळपास जागेवर राहायला हवा. माझा दहा सेकंदांत शून्यावर आला. साबणाचं पाणी लावलं तर क्लचच्या बाजूने बुडबुडे, आणि फ्लायव्हील काढल्यावर मॅग्नेटोच्या (प्लगसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूनेही.

फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, हातोडी नाही. एकदा ते निघालंच आहे तर आतले ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर बदलून टाका, पॉइंटमधली गॅप फिलर गेजने 0.35 ते 0.45 मिलिमीटरमध्ये ठेवा. माझ्याकडे सिलिंडरच्या भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम थापलं गेलं होतं, त्यामुळे बोअर करून एक साइज मोठा पिस्टन टाकावा लागला. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला. दोन सील मात्र पिझ्झाच्या भावात मिळाले असते.

इंजिनावरचं पत्र्याचं झाकण काढायला विसरू नका. ही गाडी पंख्याच्या हवेने थंड होते, आणि त्या झाकणाखाली उंदरांना घरटं करायला फार आवडतं. माझ्यात सीटच्या फोमचा आणि कुणाच्या तरी लोकरी मोज्याचा भुगा सिलिंडरच्या पंखांमध्ये गच्च बसला होता. तेवढ्यानेही इंजिन जळू शकतं.

कार्ब्युरेटर बहुधा टिलॉटसनचा डायफ्रॅमवाला असेल. त्यात चेतकसारखा फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो आणि तो वाळून कागदासारखा होतो. किट आणा, पडदे, सुई सगळं बदला, पेट्रोलच्या नळ्या नव्या टाका. बाहेरच्या दोन स्क्रूपैकी हाय स्पीडचा सुरुवातीला मॅन्युअलपेक्षा थोडा जास्त उघडा ठेवा. धूर झाला चालेल. पेट्रोल इथेनॉल नसलेलं मिळालं तर उत्तम. मी 40 ला 1 मिसळतो, म्हणजे पाच लिटरला 125 मिली ऑइल. जुन्या स्टिकरवर वेगळं प्रमाण असलं तर ते त्या काळच्या ऑइलसाठी आहे हे लक्षात ठेवा.

आता "एलानच का, दुसरी एक जास्त देखणी गाडीही मिळतेय" याबद्दल. दुसरीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत शंभराहून जास्त कंपन्या स्नोमोबाइल बनवत होत्या. 1973चं तेलसंकट आलं, बर्फही कमी पडला आणि बहुतेक बुडाल्या. त्यांच्या गाड्या दिसायला सुंदर असतात आणि एका पुलीसाठी तुम्ही तीन वर्षं जुन्या भागांच्या जत्रा फिरता. एलान 1971 पासून 1996 पर्यंत जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं, साध्या एलानमध्ये एक सिलिंडर, 250 सीसी. रोटॅक्स 1970 मध्ये बोंबार्डियेने, म्हणजे स्की-डू बनवणाऱ्या कंपनीने, विकतच घेतली. कधी जमलं तर क्वेबेकमधल्या वालकूरला त्यांचं संग्रहालय बघून या. 1934च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे कंपनीचे संस्थापक जोसेफ-आर्मां बोंबार्डियेंना आपल्या लहान मुलाला दवाखान्यात नेता आलं नाही, तो पेरिटोनायटिसने (पोटातल्या संसर्गाने) गेला. त्यांची बर्फावरची पहिली मोठी गाडी त्यानंतर दोन-तीन वर्षांत आली, आणि छोटी स्की-डू 1959 मध्ये.

घेताना 400 देण्याआधी ट्रॅक, म्हणजे गाडी पुढे ढकलणारा खालचा रबरी पट्टा, नीट बघा, कारण सगळ्यात महाग वस्तू तीच. पट्टा हाताने दुमडून पाहा. वरवरच्या रेघा चालतील, आतले धागे दिसत असतील तर किंमत निम्मी करा. ड्राइव्ह बेल्ट आणि त्याच्या दोन पुल्या हे प्रकरण कायनेटिक होंडासारखंच आहे, ती कधी उघडली असेल तर घरचं वाटेल. फक्त बेल्टवरचं कव्हर काढून इंजिन कधी रेस करू नका. आणि मागचा भाग उचलून ट्रॅक फिरवून बघताना मागे कुणालाही, विशेषतः मुलांना, उभं राहू देऊ नका. ट्रॅकमध्ये अडकलेला खडा गोळीसारखा येतो.

चालवायच्या बाबतीत कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदणी, विमा, हेल्मेट, आणि ओएफएससीच्या (ओंटारियोच्या स्नोमोबाइल क्लबांच्या संघाच्या) ट्रेलवर जायचं तर परमिट. 1999 किंवा त्याआधीच्या गाड्यांसाठी स्वस्तातलं क्लासिक परमिट असतं, ते मागा. तळ्यावर जाणार असाल तर रेड क्रॉसचा आकडा पाळा, स्नोमोबाइलसाठी 25 सेंटिमीटर बर्फ. तो स्वतः भोक पाडून मोजायचा, आणि जिथे ओढा येऊन मिळतो तिथून लांब राहायचं. या जुन्या गाड्यांना चालवणारा पडल्यावर इंजिन बंद करणारी दोरी नसते. ती बाजारात मिळते, पहिल्याच दिवशी बसवा. थ्रॉटलची केबल आत पाणी जाऊन गोठते, म्हणून निघण्यापूर्वी इंजिन बंद असताना दोन-चारदा दाबून सोडून बघा, खटकन परत यायला हवी.

सीटखाली एक जास्तीचा बेल्ट, दोन प्लग, पाना आणि दोन मीटर सुतळी ठेवा. पहिले दोन-तीन टाकी पेट्रोल संपेपर्यंत घरापासून चालत परत येता येईल एवढंच लांब जा. बूट चांगले घाला.