प्रसिद्ध व्यक्तीचा फोटो किंवा पुतळा कलाकृती कधी ठरतो?

चेहरा ओळखू आला की नुसत्या फोटोचं काम संपतं. कलाकृतीत तीच ओळख तपासायला लागते. माझ्या मते याचं सर्वांत जबरदस्त उदाहरण म्हणजे जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांची १९९९ची 'पोर्ट्रेट्स' ही मालिका. त्यांनी मेणाचे पुतळे काळ्या पार्श्वभूमीवर, जुन्या चित्रकारांसारखा प्रकाश योजून, कृष्णधवल टिपले. त्यात डायना आहे आणि इंग्लंडचा राजा आठवा हेन्रीही. हेन्रीच्या काळात तर कॅमेराच नव्हता! चित्रावरून पुतळा, पुतळ्यावरून फोटो. तरी कपड्यांवरची नक्षी आणि दाढी इतकी नेमकी दिसते की माणूस समोर उभा होता असंच वाटतं. आपण प्रसिद्ध माणसांना असंच, नकलेची नक्कल पाहून, 'ओळखत' असतो.

माणूस दाखवायला चेहराच लागतो असंही नाही, भाषेची अक्षरंही पुरतात. त्यासाठी स्पॅनिश शिल्पकार झाउमे प्लेन्सा यांचं 'नोमाद' हे शिल्प बघा. फ्रान्समधल्या आंतीब शहरात समुद्राकडे तोंड करून, गुडघे जवळ घेऊन बसलेली सुमारे ८ मीटर उंच आकृती, सगळी पांढऱ्या धातूच्या अक्षरांची. चेहरा नाहीच. समोरून उघडी असल्याने आत जाऊन उभं राहता येतं आणि अक्षरांच्या फटींतून आकाश दिसतं. मला ती कुठल्याही नामवंताच्या पुतळ्यापेक्षा जास्त माणूस वाटते.