वाचकांचे प्रश्न : सायकल पुन्हा सुरू करताना

प्रश्न : माझी गियरची हायब्रीड सायकल आठ वर्षं पार्किंगमध्ये उभी आहे. पूर्वी रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर सहज व्हायचे. आता वय ४६, बीपीची गोळी चालू आहे. हवा भरून निघावं म्हणतो. आधी काय बघू? (एक वाचक, नाशिक)

नुसती हवा भरून निघू नका. उभ्या सायकलच्या टायरची नक्षी शाबूत राहते, पण रबर बाजूने वाळतं. हवा नसतानाच टायरची कड अंगठ्यांनी दाबून वाकवून बघा. भेगांतून आतले दोरे दिसले तर टायर आणि ट्यूब दोन्ही बदला. ‘चालेल अजून’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका, पुढचा टायर उतारावर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. हवेची मर्यादा टायरवरच कोरलेली असते. ७०० × ३५ च्या टायरला साधारण ७५ किलोच्या माणसासाठी ५० ते ६० पीएसआय ठीक. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. असं पंक्चर निघालं तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

नंतर ब्रेक. रबराचे शू कडक होऊन चकाकायला लागले असतील तर नवेच घ्या. लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडलला टेकता कामा नये. केबलचं डोकं लिव्हरमध्ये जिथे अडकतं तिथे एखादा जरी पदर तुटलेला दिसला तरी केबल बदला. ती बहुतेक वेळा तिथेच तुटते, आणि तीही जोरात ब्रेक दाबताना.

चेन घासलेट आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्या. मग चेन ताणून धरून पोलादी पट्टीने मोजा : एका पिनच्या मध्यापासून, ती पिन न मोजता, पुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरले तर चेनबरोबर मागची चक्रंही झिजली असं समजा. नुसती चेन बदलली तर जोर लावल्यावर ती दातांवरून घसरेल. तेल प्रत्येक सांध्यावर एकच थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे.

आता तुमच्याबद्दल. आधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी हवी तेवढी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. सायकल चालवताना सलग वाक्य बोलता येतंय ना, एवढं बघा. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर, एक दिवसाआड, वीस ते तीस मिनिटं. पुढे दर आठवड्याला एकूण वेळ दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा. दम लवकर परत येतो. गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध मात्र सावकाश तयार होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ असं वाटून जुना चाळीस किलोमीटरचा रस्ता धरला, की दुखणं तिथेच सुरू होतं. तेव्हा हात आखडता घ्या.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसला सायकलने जाणं पुन्हा सुरू केलं. वाटेत दोन उड्डाणपूल आहेत. आता गुडघ्याची वाटी पुढून दुखते. सायकल बंद करू का? (एक वाचक, पुणे)

सूज असेल किंवा जिना उतरताना कळ येत असेल तर बंद ठेवून तपासून घ्या. नाहीतर चार-पाच दिवस विश्रांती, आणि त्या वेळात सीटची उंची दुरुस्त करा. पाय जमिनीला सहज टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे आणि वाटी पुढून दुखण्याचं ते नेहमीचं कारण. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघा किंचित वाकलेला राहील, तीच तुमची उंची. एकदम दोन इंच चढवू नका, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा सेंटीमीटर. कंबर डावी-उजवी डुलायला लागली किंवा गुडघ्याच्या मागे ओढ बसली तर सीट जास्त वर गेली. सीटच्या दांड्यावरची मर्यादेची रेघ बाहेर दिसता कामा नये.

दुसरं कारण गियर. पुलाचा चढ लागण्याआधीच हलका गियर टाका. चढावर जोर लावून गियर बदलला तर चेन कुरकुरते आणि गुडघ्यावरही भार येतो. उजवा पाय पंधरा सेकंदांत १८ ते २० वेळा फिरला पाहिजे. बारा-तेराच भरत असतील तर गियर जड आहे.

प्रश्न : बसायची जागा फार दुखते. जाड जेलचं कव्हर घ्यावं का? (एक वाचक, कोल्हापूर)

नको. मऊ कव्हरात बसायची हाडं रुततात आणि आजूबाजूची कातडी घासते. सीट लेव्हलने आडवी करा. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकलं तर अंग पुढे घसरतं, मग तळहात बधिर होतात. पॅडची शॉर्ट्स वापरा, आत अंतर्वस्त्र न घालता, आणि ती रोज धुवा. हाडांचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी होतं. मुंग्या किंवा बधिरपणा मात्र अंगावर काढू नका, तो राहिला तर सीट बदला.