लंडनचा पगार मोठा, पण शिल्लक मँचेस्टरमध्ये

तुमचा प्रश्न असा: मिरजेत आयसीयूत नर्स म्हणून नोकरी, आता एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दोन ऑफर आल्या आहेत. एक मध्य लंडनमधल्या रुग्णालयाची, दुसरी मँचेस्टरची. मिस्टर अकाउंटंट, मुलगी तीन वर्षांची, सांगलीच्या फ्लॅटचा 22,000 रुपयांचा हप्ता चालू. लंडनमध्ये वर्षाला सहा हजार पौंड जास्त मिळत असताना मँचेस्टरला कशाला जायचं?

ते सहा हजार आधी सोलून बघू. नर्सची सुरुवातीची श्रेणी म्हणजे बँड 5; तिचा पगार 2025-26 च्या वेतनश्रेणीत 31,049 पौंडांपासून सुरू होतो, आणि तो इंग्लंडभर सारखाच आहे. मध्य लंडनमध्ये त्यावर 20 टक्के महागाईचा भत्ता, म्हणजे साधारण 37,260. आता इन्कम टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी) आणि एनएचएस पेन्शनची कपात करा. पगार वाढला की पेन्शनचा टक्काही चढतो, हे बरेच जण धरतच नाहीत. मँचेस्टरला महिन्याला सुमारे 1,985 पौंड हातात येतील, लंडनला 2,285. फरक 300 चा.

घरभाडं मात्र 300 ने वाढत नाही. 2025 मध्ये लंडनचं सरासरी भाडं 2,200 पौंडांच्या वर होतं, मँचेस्टरचं 1,300 च्या आसपास. लंडनमध्ये तुमचा अख्खा पगार घरमालकाला देऊन डाळ-तांदूळ मिस्टरांच्या पगारातून आणायचे, असा तो हिशोब आहे. मँचेस्टरमध्ये निदान सहा-सातशे उरतात. त्यातून सांगलीचा हप्ता जाईल, पण एकट्या पगारावर तिघांचं तिथेही ओढाताणीचंच होईल.

लंडनच्या बाजूने खरा मुद्दा मिस्टरांच्या नोकरीचा आहे. डिपेंडंट व्हिसावर त्यांना काम करता येतं आणि अकाउंट्सची कामं लंडनमध्ये जास्त. पण जास्तीच्या भाड्यामुळे महिन्याला पडणारी सुमारे 600 पौंडांची तूट भरून काढायला त्यांचा कपातीआधीचा लंडनचा पगार मँचेस्टरपेक्षा वर्षाला किमान 10,000 पौंडांनी जास्त हवा. पहिल्या नोकरीत हे कठीण दिसतं.

मुलीचं बघू. नोकरदार पालकांना मिळणारे नर्सरीचे आठवड्याला 30 मोफत तास तुम्हाला मिळणार नाहीत, कारण तुम्हा दोघांच्याही व्हिसावर सरकारी मदतीला मनाई असते. तीन-चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना मिळणारे 15 तास मात्र मिळतात, तेही शाळेच्या सत्रांपुरते. बारा तासांची शिफ्ट आणि नर्सरी यांची सांगड कुठल्याच शहरात सहज बसत नाही. लंडनमध्ये परवडणारं घर मध्यापासून लांबच्या भागात मिळणार, म्हणजे त्यात प्रवासाचा तास-दीड तास वाढला. मँचेस्टरला बसचं तिकीट 2025 मध्ये दोन पौंड होतं आणि घर बसच्या टप्प्यात मिळू शकतं. काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरामागचा स्थानिक कर, लंडनच्या वँड्सवर्थ-वेस्टमिन्स्टरसारख्या भागांत फार कमी आहे खरा, पण तिथलं भाडं बघितलंत की तो विषय संपतो. राहता राहिला आपल्या माणसांचा प्रश्न. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे, त्याची सर मँचेस्टरला येणार नाही. पाऊसही तिकडे जास्त, पण मिरजेत उन्हाळे काढलेल्या माणसाची त्याबद्दल तक्रार नसावी.

माझं मत मँचेस्टर. फक्त तिघांनी एकदम जाऊ नका. परदेशी नर्सना तिथे द्यावी लागणारी ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा पास होईपर्यंत बऱ्याच ठिकाणी एक पायरी खालचा, बँड 4 चाच पगार देतात. तोवर तुम्ही एकट्या खोली घेऊन राहा, पूर्ण पगार सुरू झाला की दोघांना बोलवा. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. तरी डिपॉझिट आणि पहिलं भाडं धरून मँचेस्टरला सुमारे 2,800 पौंड लागतील, लंडनला 4,800 च्या पुढे. तुम्हाला मिळणाऱ्या हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य अधिभार (एनएचएसच्या उपचारांसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) माफ आहे, तो खर्च धरू नका.

दोन-तीन वर्षं एकटीनेच राहून पैसे पाठवायचे असते, तर माझं उत्तर वेगळं असतं. खोल्यांच्या भाड्यातला फरक जवळपास त्या 300 पौंडांत भागतो आणि लंडनचा अनुभवही पदरात पडतो.

सही करण्याआधी ट्रस्टला, म्हणजे रुग्णालय चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेला, दोन गोष्टी ईमेलवर विचारा: पहिल्या महिन्याची राहायची सोय ते करतात का, आणि मध्येच नोकरी सोडली तर भरतीचा किती खर्च परत मागतात.