एचडी चॅनेल बघायचे तर छतावरची डीटीएचची छत्रीही बदलावी लागते का?

नाही, छत्री तीच चालते. कंपनी तीच ठेवणार असाल तर सहसा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि केबलही बदलावी लागत नाही. बदलायचा तो सेट-टॉप बॉक्स. जुना एसडी (साध्या चित्राचा) बॉक्स ७२० × ५७६ पिक्सेल, म्हणजे चित्राच्या ठिपक्यांच्या, पुढे जात नाही, एचडी चित्र १९२० × १०८० चं असतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती जोडणीत. नवा बॉक्स येतो, पण टीव्हीला जुनी लाल-पांढरी-पिवळी वायरच लावली जाते. त्या वायरीतून एचडी येतच नाही! एचडीएमआय केबलच लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय हा एचडी चित्राचा पर्याय निवडलाय ना, ते बघा. टीव्हीला एचडीएमआय पोर्टच नसेल तर खर्च करू नका, कळकळीने सांगतो.

मग पॅक. झी मराठी एचडी, स्टार प्रवाह एचडी ही वेगळी चॅनेल आहेत, पैसेही वेगळे. एचडी घेतलं की तेच एसडी चॅनेल काढून टाका, नाहीतर एकाच मालिकेसाठी दोनदा पैसे जातात.

चित्र फुटत असेल तर आधी छतावरचा कनेक्टर तपासा. पावसाने तो गंजतो.