रॅडबोर्नचं उदाहरण पोराला देणं आधी थांबवा

न्यू जर्सीहून एका बाबांनी लिहिलंय. मुलगा १४ वर्षांचा, बेसबॉलमध्ये पिचर (म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा), एकाच सीझनला दोन टीमकडून खेळतो. हल्ली कोपर दुखतं म्हणतो आणि पिचिंग सोडून शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरच्या जागी) खेळू का असं विचारतो. बाबांना वाटतंय ही नाटकं आहेत, स्कॉलरशिप हातची जाणार. वर जुन्या काळच्या एका पिचरचा दाखलाही देतात: "१८८४ मध्ये ओल्ड हॉस रॅडबोर्न दुखऱ्या हाताने रोज टाकायचा, मग याला काय होतंय?"

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पोराने दुखतंय म्हणून तीनदा सांगितलं असं तुम्हीच लिहिलंय, आणि त्यावर तुम्ही त्याला युट्यूबवर व्हिडिओ दाखवलेत, डॉक्टर नाही दाखवला. मला काळजी त्या कोपराची कमी आणि चौथ्यांदा तो सांगणारच नाही याची जास्त वाटतेय.

आता तुमचा रॅडबोर्न. त्या वर्षी प्रॉव्हिडन्सच्या टीमकडून त्याने ६७८ इनिंग (एका मॅचला साधारण नऊ) टाकल्या हे खरं, पण तेव्हा पिचर बॅटरपासून ५० फुटांवर असायचा, बॉल उंच हवा की खाली ते बॅटर सांगायचा, आणि खांद्यावरून हात फिरवून टाकायला नॅशनल लीगने (तो खेळायचा ती लीग) त्याच वर्षी परवानगी दिली होती. तुमचा पोरगा ६० फूट ६ इंचांवरून पूर्ण जोर लावून टाकतो, तुलना कसली करताय? शिवाय रॅडबोर्न २९ वर्षांचा बाप्या होता, जादा पैसे ठरवून घेऊन टाकत होता. हात इतका गेला की केस विंचरायलाही वर जाईना असं सांगतात, आणि पुढे एकाही सीझनला ३० मॅच जिंकल्या नाहीत त्याने.

त्याच्याच टीममध्ये आधी जॉन माँटगोमेरी वॉर्ड होता, त्याचं वाचा की. १८७९ मध्ये १९व्या वर्षी ४७ मॅच जिंकल्या, १७ जून १८८० ला परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. १८८४ मध्ये न्यूयॉर्ककडून खेळताना उजवा हात दुखावला तर हा सेंटर फील्डला उभा राहून डाव्या हाताने थ्रो करायला लागला, पुढच्या वर्षी शॉर्टस्टॉप झाला, त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातून लॉची डिग्री घेतली आणि खेळाडूंची युनियनही काढली. १९६४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. म्हणजे शॉर्टस्टॉप मागणारा पोरगा पळपुटा नाही हो.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर मार्क सांभाळा, हायस्कूलच्या कोचशी बोला, सध्या एवढंच. मेजर लीगच्याच (अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या) गाइडलाइन्स आहेत, या वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (टाकलेले बॉल), वर्षात चार महिने पिचिंगला सुट्टी, एकाच वेळी दोन टीम नकोत. दुसऱ्या टीमच्या कोचला आजच मेसेज टाका, या आठवड्यात ऑर्थोपेडिककडे न्या. आणि आत डॉक्टर कुठे दुखतं विचारतील तेव्हा उत्तर त्याला देऊ द्या, तुम्ही नका देऊ.